टायर घ्यायला मी गेले तेव्हा...

श्रावणातली गोष्ट. रविवारी सकाळी पावणेसातलाच आमचे चिरंजीव आंघोळ करून, हेल्मेट घेऊन दारात उभे. "कुठे रे एवढ्या लवकर?" म्हटलं तर म्हणे, "जामसावळीला जाऊन येतो आई, मारुतीच्या दर्शनाला." मला आपलं कौतुकच वाटलं! नागपूरकडच्या मंडळींना जामसावळी सांगायला नको. मध्य प्रदेशात सौंसरजवळचा तो झोपलेला मारुती. शनिवारी, मंगळवारी आपल्याकडून गाड्याच्या गाड्या भरून जातात. पोरगा देवाला निघाला म्हणून मी घाईघाईत चार पोळ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. सोबत शेजारच्या वहिनींचा मुलगा आणि आणखी तीन मित्र होते.

दुपारी दोनला फोन आला. वहिनींचा मुलगा घाटात घसरला होता. कॉलरबोन मोडलं, हातापायाची साल निघाली. जीव वाचला, कारण मागून ट्रक येत नव्हता, एवढंच. मी मात्र फोनवर एकच वाक्य धरून बसले. "घाटात? अरे, जामसावळीला कुठला आला घाट?"

तेव्हा कळलं की पोट्टे जामसावळीला हात जोडतात आणि पुढे निघतात. सौंसर ओलांडलं की छिंदवाड्याच्या रस्त्यावर सिल्लेवानीचा घाट लागतो. आमच्या वाडीतून कळमेश्वर, सावनेर, सौंसर करत सगळ्यात जवळचा खरा घाट तोच. एरवी आपला विदर्भ म्हणजे सरळ रस्ते, नजर पोचेल तिथवर सरळ! वळणं हवी असतील तर एक सिल्लेवानी, नाहीतर मग परतवाड्यावरून चिखलदरा. आणि या वयातल्या मुलांना वळणंच हवी असतात. गाडी एका अंगावर झुकवायची, वळण काढायचं, लगेच दुसऱ्या अंगावर झुकवायची. यालाच ते 'राइड' म्हणतात.

संध्याकाळी मी वहिनींकडे गेले, तर त्यांचे मिस्टर डोक्याला हात लावून बसले होते. "काय सांगू वहिनी, टायर तर दोन महिन्यांपूर्वीच नवा टाकला होता हो! दुकानदाराला म्हटलं, सगळ्यात जास्त चालणारा दे, पोरगं खूप फिरते. त्याने छातीठोक सांगितलं, चाळीस हजार किलोमीटर हलत नाही म्हणून."

मैत्रिणींनो, मला हे खटकलं. टायर गुळगुळीत असता तर समजू शकले असते. पण नवा कोरा, खाचा शाबूत असलेला टायर घसरतो कसा?

माझा शोध सुरू

मी बी.ए. मराठी. विज्ञानाशी संबंध दहावीत सुटला. पण आमची वाडी म्हणजे अमरावती रोडवरचं ट्रान्सपोर्टचं गाव. गोडाऊन, ट्रक, गॅरेज आणि टायरची दुकानं, रिमोल्डवाले, पंक्चरवाले! इथे टायरबद्दल विचारायला कॉलेजात जावं लागत नाही. आमच्या बचत गटातल्याच एका ताईंचे यजमान ट्रक चालवतात. शनिवारच्या बैठकीत मी विषय काढला तर त्याच बोलू लागल्या. "ताई, ट्रकवाले पुढच्या चाकाला कधी रिमोल्ड लावत नाहीत. नवा टायर पुढे, रिमोल्ड मागे. मागे चाकांची जोडी असते, एक गेला तर दुसरा सांभाळते." मग जरा थांबून म्हणाल्या, "मोटरसायकलला कुठं जोडी राहते?"

अगदी खरं आहे. मोटरसायकलला पुढे एक, मागे एक. आणि त्या एकेका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग आपल्या तळहातापेक्षाही लहान असतो. दीडशे किलोची गाडी, वर आपला लेक, कधी मागे त्याचा मित्र, एवढा सगळा भार दोन तळहातांवर! आणि गाडी वळणात झुकली की टायरचा मधला भाग उचलला जातो, कड टेकते. म्हणजे सरळ रस्त्यावर रोज झिजणारा भाग वेगळा आणि घाटात जीव सांभाळणारा भाग वेगळा. हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पुढचं समजावलं ते आमच्या ओळखीच्या टायरवाल्या भाऊंनी. तीस वर्षं याच धंद्यात आहेत. मी विचारलं, "भाऊ, जास्त चालणारा टायर घसरला कसा?" ते हसले. त्यांच्या गल्ल्यात मुलीचं खोडरबर पडलं होतं, तेच काढून दाखवलं. "काकू, मऊ खोडरबर कागद धरते, पेन्सिल झटकन पुसते, पण महिन्यात संपते. कडक खोडरबर वर्षभर पुरते, पण कागदावरून नुसतं सरकते. टायरचं तसंच आहे."

बघा, किती सोपं! टायरचं रबर कडक असेल तर ते हळू झिजतं, रस्त्याला मात्र कमी धरतं. मऊ असेल तर घट्ट धरतं आणि लवकर झिजतं. कोरड्या, सरळ रस्त्यावर, ऑफिसला जाण्या-येण्याच्या वेगात हा फरक जाणवतही नाही. तो जाणवतो ओल्या वळणावर, गाडी झुकलेली असताना, ब्रेक दाबला की. वहिनींच्या मुलाचं नेमकं तिथेच झालं होतं. त्याचा टायर वाईट नव्हता. पेपर टाकणाऱ्याला, दूधवाल्याला, वाडीहून हिंगण्याच्या एमआयडीसीत रोज जाणाऱ्याला तो उत्तमच. पण सिल्लेवानीच्या पावसात सत्तरच्या वेगाने वळायला तो बनलेलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट भाऊंनी विचारली, "त्याच्या टायरची तारीख बघितली का?" टायरलाही तारीख असते? मी घरी येऊन टॉर्च घेऊन वहिनींच्या अंगणात बसले. टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांची लांब ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे सापडले. ३१२०. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०२० सालचा एकतिसावा आठवडा, जुलैअखेर. २०२५ च्या जून महिन्यात नवा म्हणून घेतलेला टायर पाच वर्षं कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडून होता! मागच्या वर्षीच्या कंपासपेटीतलं खोडरबर कसं टणक होतं? तसंच. आपण ब्रेडच्या पुड्यावरची तारीख वाचतो, मसाल्याच्या पाकिटावरची वाचतो, औषधाची तर वाचतोच. साडेतीन हजारांच्या वस्तूवरची तारीख मात्र कुणीच वाचत नाही.

जाणकार सांगतात की पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी दाखवून घ्यावा आणि दहा वर्षांचा झाला तर खाचा कितीही शिल्लक असोत, काढून टाकावा. आपल्या नागपुरी उन्हात तर मी म्हणेन त्याच्या आधीच. पंचेचाळीस डिग्रीत दिवसभर उघड्यावर उभी राहणारी गाडी! बाजूला बारीक बारीक भेगा दिसल्या की समजायचं.

भिंतीवरचं गणित

टायरच्या भिंतीवर इतकं काही लिहिलेलं असतं, ते एकदा वाचायला शिकलं की दुकानदार आपल्याला 'ताई, तुम्हाला नाही समजणार' असं म्हणत नाही. आमच्या गाडीच्या मागच्या टायरवर १३०/७०-१७ आणि पुढे ६२ पी असं होतं. १३० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या सत्तर टक्के. १७ इंचाची रिंग. ६२ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ २६५ किलो. आणि पी म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी १५० किलोमीटर. स्कूटीच्या टायरवर बहुधा 'जे' असतो, म्हणजे १००. एल असेल तर १२०, एस असेल तर १८०, एच असेल तर २१०. आपल्या गाडीसोबत कंपनीने जे अक्षर दिलं आहे त्यापेक्षा खालचं अक्षर कधी घ्यायचं नाही, स्वस्त मिळालं तरी नाही.

आकड्यांमध्ये आडवी रेघ असेल तर टायर साधा, ज्याला क्रॉस-प्लाय म्हणतात. रेघेच्या जागी 'आर' असेल तर रेडियल. रेडियलच्या आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, त्यामुळे तो वेगात कमी तापतो आणि वळणात चांगला बसतो. महाग असतो. मोठ्या गाड्यांना तोच येतो. पण साध्या गाडीला पुढे एक जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा अशी खिचडी करू नये, कंपनीने तशी दिली असेल तरच.

आमच्या चिरंजीवांना हवा होता रुंद टायर. "आई, एकशेचाळीसचा टाकू ना, दिसते किती भारी!" भाऊंनी स्पष्ट नाही म्हटलं. रिंग तेवढीच ठेवून टायर रुंद केला की तो चिमटल्यासारखा बसतो, त्याची गोलाई बिघडते आणि गाडी वळायला जड होते. कधी चेनला घासतो. सोळाच्या मुलीला बावीसचा ब्लाउज घातल्यासारखंच की! (हे माझं वाक्य, भाऊंचं नाही.)

बाजूने एक गोष्ट सांगते. हवेचा टायर ज्याने चालू केला तो डनलॉप कोणी इंजिनिअर नव्हता, जनावरांचा डॉक्टर होता. १८८८ साली बेलफास्टमध्ये त्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची रबरी नळी गुंडाळली, पोराला खडबडीत रस्त्यावर हादरे बसू नयेत म्हणून. त्याच्याआधी १८४५ मध्ये थॉमसन नावाच्या गृहस्थांनी अशा टायरचं पेटंट घेतलेलं होतं, पण तेव्हा कुणी विचारलं नाही. म्हणजे टायर घराघरांत पोचला तो एका बापाच्या काळजीतून! आणि आज आपल्या बुटीबोरीत सीएटचा दुचाकीच्या टायरचा मोठा कारखाना आहे, २०१६ मध्ये सुरू झालेला. मला वाटायचं टायर मद्रासहून येतात.

टिकाऊ की पकड?

मुख्य प्रश्न तसाच होता. चिरंजीवांच्या गाडीचा मागचा टायर त्या दिवशी मी पहिल्यांदाच नीट पाहिला. मधोमध पार सपाट, पाटावर घासल्यासारखा. दोन्ही कडा मात्र जवळपास नव्या. रोज वाडी ते हिंगणा सरळ रस्ता, त्याचा हा परिणाम. असा चौकोनी झालेला टायर वळणात अडखळतो, झुकताना एकदम कलंडल्यासारखा होतो. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूला टी डब्ल्यू आय अशी अक्षरं किंवा बाण असतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की संपला. आपल्याकडे नियमाने दुचाकीला ०.८ मिलिमीटर खाच शिल्लक हवी. ही कमीत कमी मर्यादा झाली. पावसात खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं असतं, तेव्हा पावसाळ्याआधी ती बरीच जास्त हवी.

मी त्याच दिवशी गाडीची किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकली. "टायर येईपर्यंत माझी स्कूटी ने." हे म्हणाले, "टायर कशाला, गाडीच विकून टाक." बायांनो, पुरुषांचा हा सल्ला ठरलेला असतो! पण मला तो पटला नाही. मुलगा बावीस वर्षांचा, गाडीचे हप्ते स्वतः भरतो. गाडी विकली तर मित्राच्या गाडीवर जाईल, त्या गाडीचा टायर कोण बघणार? त्याने घाटात जायचं मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून तर देवाचं नाव पुढे केलं. मला त्या टायरपेक्षा हे खोटं जास्त बोचत होतं.

म्हणून आम्ही दोघं मिळून भाऊंच्या दुकानात गेलो. चिरंजीवांना हवा होता एकदम मऊ, रेसिंगवाला. मला हवा होता टिकाऊ. भाऊंनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. कडक टायर साधारण २,२०० रुपये, चालेल २५ हजार किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला नऊ पैसे. अगदी मऊ ४,४०० रुपये, आणि जोरात चालवणाऱ्याच्या हाती १२ हजारांत संपेल. सदतीस पैसे. मधला एक प्रकार असतो, ३,२०० रुपये, चालेल १८ हजार. अठरा पैसे. हा त्यांच्या अनुभवाचा अंदाज. चालवणारा बदलला की आकडा बदलतो. जोरात उचलणे, जोरात ब्रेक मारणे, कमी हवा, यात कुठलाही टायर निम्म्या आयुष्यात जातो.

हा मधला प्रकार म्हणजे काय? त्यात दोन प्रकारचं रबर असतं. मधल्या पट्ट्यात कडक आणि दोन्ही कडांना मऊ. सरळ रस्त्यावर मधला भाग टिकतो, वळणात मऊ कड रस्ता धरते. त्याला डुअल कंपाउंड म्हणतात. लांबच्या प्रवासाला आणि वळणांना, दोन्हींना चालणाऱ्या टायरना स्पोर्ट-टूरिंग म्हणतात, त्यांत ही रचना पुष्कळदा असते. शिवाय रबरात सिलिका मिसळलेली असेल तर ओल्या रस्त्यावर पकड वाढते. आपल्याकडे एमआरएफ, सीएट, टीव्हीएस, अपोलो, मिशेलिन अशा बऱ्याच कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडे कडक, मऊ, मधले असे प्रकार आहेत. त्यामुळे नुसतं 'अमुक कंपनीचा द्या' म्हणून भागत नाही. कोणत्या कामाचा, ते विचारायचं.

माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला. मुलगा महिन्याला हजार किलोमीटर चालवतो. कडक आणि मधला यांत फरक किलोमीटरला नऊ पैशांचा, म्हणजे महिन्याला नव्वद रुपये. एका पिझ्झ्याचेही नाहीत! वहिनींनी त्या कॉलरबोनसाठी दवाखान्यात किती भरले ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. उलट चिरंजीवांनाही पटलं की रेसिंगवाला टायर रोजच्या सरळ रस्त्यावर, एप्रिल-मेच्या तापलेल्या डांबरावर मधूनच झिजून जाईल आणि घाटात न्यायची वेळ येईल तेव्हा पुन्हा चौकोनीच असेल. महाग टायर घेऊन झिजलेला वापरायचा, यात कसली मजा?

पुढचा टायर बदलायचा नाही असं मी ठरवून गेले होते, कारण तो बरा दिसत होता. भाऊंनी हात फिरवून दाखवला, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट हात फिरवला की करवतीसारखा. म्हणाले, "काकू, मागचा घसरला तर पोरगं कधीकधी सावरते. पुढचा घसरला तर वेळच मिळत नाही." ब्रेकचा बराचसा भारही पुढेच येतो. मग दोन्ही घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तो घटस्थापनेचा दिवस होता. आम्ही मुद्दाम दसऱ्यापर्यंत थांबलो होतो. अर्धे पैसे त्याचे, अर्धे माझ्या घरखर्चातल्या शिलकीचे. दुकानात तारखेचे आकडे आधी वाचले, मगच टायर चढवू दिला. आयएसआयचा शिक्का पाहिला. फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर बसला का तेही बघितलं. भाऊ म्हणाले, "काकू, दुकान काढा आता!"

जुना टायर मात्र मी मागून घरी आणला. काही ठिकाणी असे टायर खाचा पुन्हा कोरून विकतात, हे ऐकून होते. आपल्या पोराने टाकलेला टायर दुसऱ्या आईच्या पोराच्या गाडीला नको. भाऊंकडूनच तो मधोमध कापून घेतला. आता त्याच्या अर्ध्यात पुदिना आहे.

हवा!

यावर वेगळा लेख लिहावा इतकं सांगता येईल. पंपावरचा मुलगा विचारतही नाही, सगळ्यांना पस्तीस-चाळीस मारून मोकळा. आमच्या गाडीवर चेनकव्हरपाशी स्टिकर आहे. पुढे २५, मागे एकट्याला २८, डबलसीटला ३२. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, आपल्या गाडीवर बघून घ्यायचे. हवा जास्त झाली तर टायर मधोमध फुगतो, मध्येच झिजतो आणि रस्त्याला कमी टेकतो. कमी झाली तर तापतो, कडा झिजतात, गाडी वळणात लडबडते. घाटात पकड वाढावी म्हणून काही पोरं हवा काढतात, ते चुकीचं आहे. हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. चालवून तापला की आकडा वाढलेला दिसतो, तो पाहून हवा काढून टाकायची नाही. चारशे-पाचशे रुपयांत हवा मोजायचं यंत्र मिळतं. आमच्याकडे ते आता देवघराशेजारच्या खिळ्याला लटकलेलं आहे.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे शिरणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली होती. दुचाकीला तिथे प्रवेशच नाही. आपल्या रस्त्यांवर आपल्या पोरांचे टायर तपासायला कोण उभं राहणार? सरकारी आकड्यांनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यात ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती.

घाट, माझ्या डोळ्यांनी

नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, साच्यातून काढताना त्यावर तुकतुकी राहते. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवायचे, जोरात झुकवायचं नाही, असं भाऊंनी बजावलं होतं. मी म्हटलं, "हे दोनशे किलोमीटर माझ्यासोबत. मलाही जामसावळीचं दर्शन घ्यायचं आहे. आणि पुढचंही."

चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! "तू काहून टेन्शन घेऊन राहिली आई?" पण नेलं. पंजाबी ड्रेस, पूर्ण हेल्मेट, त्याचं जुनं जॅकेट. दसऱ्यानंतरचा रविवार होता. मागची हवा ३२ करून निघालो. सौंसरपर्यंत मी निवांत होते. मारुतीला नारळ फोडला. मग घाट.

खरं सांगू? सुंदर आहे. सागाचं जंगल, पावसाने धुतलेलं, वळणावळणाने चढत जाणारा रस्ता. दोन-चार वळणांनंतर मलाही त्याच्यासोबत झुकायची लय सापडली आणि पोरं इथे का येतात ते कळलं. आणि दुसरंही दिसलं. एका वळणावर खडी पसरलेली. एका ठिकाणी डिझेलचा काळा पट्टा. एका वळणापलीकडे कोळशाचा ट्रक आपल्याच बाजूने येत होता, त्याच्यामागे संत्र्याची गाडी. माकडं तर रस्त्यातच बसलेली. माझा मुलगा ताशी पस्तीसच्या वर गेला नाही, आणि पस्तीसलाही दोनदा ब्रेक दाबावा लागला. वेग दुप्पट झाला की थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं, हे त्यानेच मला आदल्या रात्री समजावलं होतं. वळणापलीकडे काय आहे ते कुठल्याच टायरला दिसत नाही, हे मी त्याला वर चहा पिताना म्हटलं. त्याने मान हलवली. पटलं की चहा गार होईल म्हणून, देव जाणे.

मग खाली वाकून त्याने टायरची कड दाखवली. "बघ, अजून एवढी कोरी आहे." कडेला बोटभर भाग झिजलेला नसेल तर मित्र हसतात म्हणे, भित्रा म्हणतात. कोण किती झुकलं ते टायर सांगतो. मी विचारलं, "आणि तुझ्या त्या मित्राची कड?" तो काही बोलला नाही. पोरगा अजून पट्टा बांधून घरी बसला होता.

आता तो जाताना खरं सांगतो. 'सिल्लेवानी' म्हणतो. मी हवा बघायला लावते, पाऊस असेल तर किल्ली डाळीत जाते. तेवढ्यावर आमचा तह आहे.

हा लेख लिहायला बसले आणि वाटलं, मैत्रिणींना सांगते आहे तर स्वतःच्या स्कूटीवरचेही आकडे वाचून घ्यावेत. ९०/१००-१०, ५३ जे. साइज पाठ झाली. मग ते शेवटचे चार आकडे शोधले. ४४१७. म्हणजे २०१७ च्या नोव्हेंबरची सुरुवात. आठ वर्षांचा टायर! बाजूला बारीक भेगांची जाळी. आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत, पावसात, मी माझ्या लेकाला त्याच स्कूटीवर हिंगण्याला पाठवत होते, सुरक्षित म्हणून. सोमवारी भाऊंचं दुकान उघडलं की पहिली गिऱ्हाईक मी.